एक्केचाळीसास आठ

'प्रमाण' हा आपल्या भाषेतील मोठा भारदस्त शब्द आहे. न्यायशास्त्रात प्रमाण म्हणजे ज्ञानाचे साधन, कज्जेदलालीत प्रमाण म्हणजे पुरावा, व्याकरणात प्रमाण म्हणजे शिष्टसंमत, आणि स्वयंपाकघरात प्रमाण म्हणजे खिचडीला तांदूळ किती आणि डाळ किती. शाळेच्या गणितात मात्र 'गुणोत्तर आणि प्रमाण' या प्रकरणापाशी येऊन या शब्दाचे सारे वैभव 'दोनास तीन, तर दहास किती?' एवढ्या प्रश्नात मावते. मुले उत्तर काढतात, गुणही मिळवतात; परंतु एखादे गुणोत्तर बदलले म्हणजे जगात नेमके काय बदलते, हा प्रश्न बहुधा कुणी विचारीत नाही आणि आम्ही शिक्षकही तो सुचवीत नाही.

या महिन्यात अशाच एका गुणोत्तराविषयी लिहावयाचे आहे. ते कागदावर लिहिलेले नसते. मोटारीच्या पोटाखाली, मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी फुगवटा दिसतो, त्याच्या आत दाट तेलात बुडून ते वर्षानुवर्षे फिरत असते. एका जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत ते बदलावे की बदलू नये, यावरून आमच्या नारायणगुड्यातील एका घरात आजोबा आणि नातू यांच्यात दोन महिने अबोला धरण्यापर्यंत वेळ आली होती. मोटारीशी ज्यांचा संबंध केवळ भाडे देण्यापुरता आहे अशा वाचकांनाही हा विषय रुक्ष वाटणार नाही, असा माझा विश्वास आहे.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. जुन्या धाटणीच्या मोटारीत इंजिन पुढे असते आणि ओढण्याचे काम मागची चाके करतात. इंजिनाची फिरकी गिअरपेटीतून एका लांब दांड्यावाटे मागे येते. हा दांडा गाडीच्या लांबीच्या दिशेने असतो. चाकांचा आस मात्र आडवा. म्हणून त्या फुगवट्याच्या आत फिरकीला काटकोनात वळवावे लागते. दांड्याच्या टोकाला एक छोटे दातेचक्र असते, त्यास पिनियन म्हणतात. ते एका मोठ्या दातेचक्राला फिरवते, त्यास क्राउन व्हील म्हणतात. कारखान्यातील मंडळी या जोडीला एका दमात 'क्राउन-पिनियन' म्हणून मोकळी होतात. ही जोडी फिरकी नुसती वळवीत नाही, ती संथही करते. पिनियनला आठ दाते आणि क्राउनला एक्केचाळीस असतील, तर चाकाचा एक फेरा होण्यासाठी दांड्याला एक्केचाळीस भागिले आठ, म्हणजे ५.१२५ फेरे घ्यावे लागतात. वरच्या गिअरात गिअरपेटी फिरकीत काही बदल करीत नाही, तेव्हा दांड्याचे फेरे तेच इंजिनाचे फेरे. या ५.१२५ ला मागच्या आसाचे गुणोत्तर म्हणावयाचे.

सायकलीत याच्या उलट व्यवहार असतो. पायाशी मोठे चक्र, मागे छोटे; समजा ४८ आणि १८ दात्यांचे, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे पावणेतीनच्या आसपास फेरे होतात. मागचे चक्र आणखी लहान बसवले तर सपाट रस्त्यावर सायकल वाऱ्यासारखी धावते. पण पुलाच्या चढावर तोच पोरगा सीटवरून उठून, दात खाऊन पायडल मारू लागतो. त्याच्या पायातले बळ तेवढेच आहे. ते वेगात खर्च करावयाचे की ओढीत, एवढेच दात्यांच्या संख्येने ठरवलेले असते. मोटारीत इंजिनाच्या जागी पाय समजा, म्हणजे सारा विषय समजला.

आता ज्या गाडीवरून वाद झाला तिच्याविषयी. ती इंग्लंडमधील ॲबिंग्डन या गावच्या कारखान्यात बनलेली १९५२ सालची 'एमजी टीडी'. आज आपल्या रस्त्यांवर २०१९ पासून एमजी या नावाच्या ज्या नव्या गाड्या दिसतात, त्यांचा हिच्याशी नावापुरताच संबंध. ॲबिंग्डनचा तो कारखाना १९८० सालीच बंद पडला. टीडी ही दोन आसनांची, उघड्या टपाची, पुढे लांब नाक आणि दोन्ही बाजूंस वाहत गेलेले मडगार्ड असलेली देखणी गाडी. इंजिन १२५० घनसेंटिमीटरचे, शक्ती ५४ अश्वशक्ती. आजच्या हिशेबाने ही शक्ती एखाद्या लहान कुटुंबवत्सल मोटारीपेक्षाही कमीच. तरी त्या काळी स्पोर्ट्स कार म्हटली की कित्येकांच्या डोळ्यांपुढे हीच आकृती उभी राहत असे. १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत अशा २९,६६४ गाड्या बनल्या आणि त्यांपैकी बहुसंख्य अमेरिकेत गेल्या.

तिच्या आसाच्या गुणोत्तराला एक छोटासा इतिहास आहे, आणि साऱ्या वादाचे मूळ त्यात आहे. टीडीच्या आधीची गाडी टीसी. तिची चाके तारांची, उंच, एकोणीस इंची रिमची. आणि तिच्या आसाचे गुणोत्तर होते ५.१२५. टीडी बनवताना कारखान्याने पुढची चाके स्वतंत्रपणे उसळतील अशी सुधारणा केली आणि चाकेही लहान, पंधरा इंची केली. बसणाऱ्याच्या दृष्टीने गाडी पुष्कळ सुखावह झाली. परंतु आसाचे गुणोत्तर तेच, ५.१२५, ठेवले. चाक लहान झाले म्हणजे तेवढेच अंतर कापण्यास त्याला जास्त फेरे घ्यावे लागणार, आणि चाकाच्या प्रत्येक जादा फेऱ्यामागे इंजिनाला पाच जादा फेरे. त्यामुळे टीडीचे इंजिन टीसीपेक्षा त्याच वेगाला अधिक गरगरू लागले. पुढे १९५३ मध्ये टीएफ आली तेव्हा कारखान्याने एकोणचाळीसास आठ, म्हणजे ४.८७५ असे गुणोत्तर घेतले. १९५५ च्या एमजीए मध्ये त्रेचाळीसास दहा, म्हणजे ४.३, आणि १९६२ च्या एमजीबी मध्ये त्रेचाळीसास अकरा, म्हणजे सुमारे ३.९. इंजिने जसजशी दमदार होत गेली आणि रस्ते जसजसे सरळ व मोकळे होत गेले, तसतसा हा आकडा उतरत गेला. त्या एका आकड्यात रस्त्यांचा इतिहासही लिहिलेला असतो.

नारायणगुड्यातील ती टीडी आजोबांच्या वडिलांनी घेतलेली. हैदराबाद हे अद्याप स्वतंत्र राज्य होते, भाषावार प्रांतरचना व्हावयाची होती, आणि आज ज्या चौकात उड्डाणपूल आहे व वरून मेट्रो धावते, तेथे टांगे उभे राहत. त्या रस्त्यांवर गाडी पन्नास-साठच्या वर नेण्याचे कारणच पडत नसे. आजोबांनी उभे आयुष्य ती तशीच चालवली. नातू माधापूरकडील एका संगणक कंपनीत नोकरीला. तो रोज ज्या रस्त्यांनी जातो त्यांवर साठने जाणारी गाडी हा इतरांना अडथळा वाटतो. शहराभोवतीच्या १५८ किलोमीटरच्या बाह्य वर्तुळमार्गावर त्याने एकदा टीडी नेली, आणि परत आला तो कानात दडे बसवून. "सर, ऐंशीला इंजिन अक्षरशः किंचाळतं," असे तो मला म्हणाला. त्याने परदेशातून एमजीबीची क्राउन-पिनियनची जोडी, ३.९ ची, मागवण्याचे ठरवले होते. आजोबांनी ठाम सांगितले, "माझ्या वडिलांच्या गाडीचे दात पाडायचे नाहीत."

मी त्या घरी जात-येत असतो. दोघांनीही मला आपापल्या बाजूचा साक्षीदार करण्याचा यत्न केला. मला मोटारीतले फारसे कळत नाही. पण गुणोत्तराचे गणित कळते. म्हणून, आधी आकडे मांडून बघू आणि मग भांडू, असे मी सुचवले. भांडणात आकडे आले की आवाज आपोआप खाली येतो, असा वर्गातला अनुभव आहे.

टीडीच्या चाकाचा परीघ हिशेबापुरता दोन मीटर धरला. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना चाक मिनिटाला सुमारे ६६७ फेरे घेते. गुणोत्तर ५.१२५ असेल तर इंजिनाचे फेरे होतात सुमारे ३४१७. टीएफचे ४.८७५ घेतले तर ३२५०. एमजीएचे ४.३ घेतले तर २८६७. आणि नातवाच्या मनातले ३.९ घेतले तर २६०६. म्हणजे नातवाचे म्हणणे खोटे नव्हते: त्याच वेगाला इंजिनाचे दर मिनिटाला आठशे फेरे वाचत होते.

आता तेच गणित उलट बाजूने. या इंजिनाची पिळण्याची ताकद मिनिटाला सुमारे २६०० फेऱ्यांपाशी सर्वांत जास्त असते. तेथे ते दमत नाही आणि गुदमरतही नाही. तेव्हा प्रत्येक गुणोत्तराशी गाडीचा एक 'सुखाचा वेग' ठरतो. ५.१२५ ला तो येतो ताशी ६१ किलोमीटर, ४.३ ला सुमारे ७३, आणि ३.९ ला ८०. हे आकडे ऐकून आजोबा पहिल्यांदा हसले. साठ वर्षे ते ज्या वेगाने गाडी हाकत आले होते, तो वेग त्यांच्या कानाने अचूक निवडला होता. ॲबिंग्डनच्या अभियंत्यांनी त्यावर जणू शिक्कामोर्तब केले. म्हणजे आजोबांचेही म्हणणे खोटे नव्हते.

मग चुकते कुठे? चुकते ते असे समजण्यात, की वरचा वेग फुकट मिळतो. पहिल्या गिअरात टीडीची गिअरपेटी स्वतः साडेतीन पट संथ करते, तिला ५.१२५ ने गुणले की इंजिनाची पिळ चाकापर्यंत सुमारे अठरा पट होऊन पोहोचते. ४.३ घेतले की ती पंधरा पट होते, आणि ३.९ ला पावणेचौदा पटीच्याही खाली उतरते. म्हणजे ४.३ ला ओढीत सोळा टक्के घट आणि ३.९ ला जवळजवळ चोवीस टक्के. नारायणगुड्याच्या चौकात सायंकाळी सहा वाजता पुढे रिक्षा, मागे बस आणि दर दहा पावलांवर थांबा अशा स्थितीत गाडी उठवताना हा चोवीस टक्क्यांचा तुटवडा क्लचच्या माथी बसतो. चालक क्लच अर्धवट दाबून गाडी सरकवतो, क्लच तापतो, जळका वास येतो आणि वर्षभराच्या आत तो बदलावा लागतो. विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या वळणांवर, दोन माणसे व सामान घेऊन चढताना, वरच्या गिअरात इंजिन कण्हू लागते.

नातवाने याला एक चांगले उत्तर दिले, ते येथे नमूद केले पाहिजे. तो म्हणाला, "सर, ३.९ घेतल्यावर माझा तिसरा गिअर जवळजवळ जुन्या चौथ्यासारखाच होतो. म्हणजे जुनं काही गमावलं नाही; वर एक नवा गिअर मिळाला." गणिताने हे बरोबर आहे. तिसऱ्या गिअरचे १.३८५ गुणिले ३.९ म्हणजे सुमारे ५.४, जुना चौथा ५.१. परंतु वरच्या टोकाला एक पायरी मिळाली म्हणजे खालच्या टोकाची एक पायरी गेली. शिडी तेवढ्याच चार पायऱ्यांची. गाडी वर्तुळमार्गावरच जन्मभर राहणार असती तर खालच्या पायरीवाचून अडले नसते. पण तिला रोज गल्लीतून निघावयाचे आणि गल्लीतच परत यावयाचे होते.

हे सारे अगदी मोठ्या प्रमाणावर बघावयाचे असेल तर फार लांब जाण्याचे कारण नाही. सिकंदराबादेजवळ लालागुड्याला रेल्वेचे विद्युत इंजिनांचे मोठे आगार आहे. तेथे मालगाड्या ओढणारी डब्ल्यूएजी-९ आणि प्रवासी गाड्या ओढणारी डब्ल्यूएपी-७ अशी दोन्ही जातींची इंजिने असतात. दोघांचा वंश एकच. डब्ल्यूएपी-७ हे मुळात डब्ल्यूएजी-९ च. मुख्य फरक दात्यांचा. मालगाडीच्या इंजिनात सत्त्याहत्तरास पंधरा, म्हणजे सुमारे ५.१३, प्रवासी इंजिनात बहात्तरास वीस, म्हणजे ३.६. गंमत अशी की मालगाडीच्या इंजिनाचा आकडा आमच्या टीडीच्या आकड्याशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. परिणाम काय? मालगाडीचे इंजिन उठताना ४६० किलोन्यूटन ओढ लावते, पण ताशी १०० किलोमीटरसाठी घडवलेले. प्रवासी इंजिनाची ओढ सुमारे ३२३, पण वेग १४०. ४६० ला ५.१३ ने भागून ३.६ ने गुणा, उत्तर ३२३ च येईल. इकडे वेग जितका वाढवावा तितकी तिकडे ओढ कमी होते. रेल्वेला मात्र एक सोय आहे: मालगाडीला एक इंजिन, प्रवासी गाडीला दुसरे. आमच्या शेजाऱ्यांकडे टीडी एकच, आणि तिने गल्लीही चढावयाची, हमरस्ताही कापावयाचा.

अशी अवस्था झाली म्हणजे 'धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं' हे आपल्या लोकांनी केव्हाच म्हणून ठेवले आहे. वाट मधली असते, पण ती नेमकी किती मधली हे ठरवावयास आपण जाणार कोठे हे आधी ठरवावे लागते. मी दोघांना तोच प्रश्न विचारला. आजोबा बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, मला एकदा या गाडीनं तुळजापूरला जायचं आहे. वडील तिच्यातून आईला घेऊन गेले होते."

तेव्हा खरा हिशेब सुरू झाला. नारायणगुड्याहून जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग या वाटेने तुळजापूर सुमारे तीनशे किलोमीटर. तेवढ्या अंतरात दोन मीटरच्या चाकाचे दीड लाख फेरे होतात. जुन्या गुणोत्तराने इंजिनाला एका बाजूच्या प्रवासात ७,६८,७५० फेरे घ्यावे लागतील, ४.३ ने ६,४५,०००. म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या त्या इंजिनाचे एका फेरीत सव्वा लाखाच्या जवळपास श्रम वाचणार. आणि दुसरा मुद्दा मालमोटारींचा. त्या हमरस्त्यावर त्या सत्तर-ऐंशीने धावतात. साठने जाणाऱ्या उघड्या, बुटक्या गाडीला त्या दिवसभर ओलांडत राहणार. प्रत्येक ओलांडणे हा एक धोका. सत्तर-बहात्तरच्या वेगाने गेले तर तो धोका पुष्कळ कमी होतो. ३.९ घेऊन ऐंशीने जाण्याचा मोह नातवाने स्वतःच सोडला. आजोबांच्या वयाला ऐंशीचा वारा झेपणार नव्हता. एक्केचाळीसास आठ जाऊन त्रेचाळीसास दहा येणार, असे ठरले.

ठरवणे सोपे, करणे कठीण. दाते बदलणे हे चाक बदलण्यासारखे नाही. क्राउन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेली असतात. त्यांची जोडी जन्माची. एकाला ठेवून दुसरा बदलला तर दाते एकमेकांना खातात. ज्या वृद्ध उस्तादांकडे काम दिले, त्यांनी पहिल्याच दिवशी आमच्या हैदराबादी बोलीत बजावले, "साब, बदलना है तो जोडी बदलो, एक कू बदल के एक कू रखना नक्को." शिवाय एमजीएची जोडी टीडीच्या आवरणात जशीच्या तशी बसत नाही, मध्ये खास करून घेतलेल्या कड्या घालाव्या लागतात, आणि त्या अचूक नसतील तर सारेच फुकट. पिनियन किती आत बसावे, दात्यांमध्ये किती सुट असावी, बेअरिंगांवर किती ताण असावा, ही मापे इंचाच्या हजाराव्या भागांत घ्यावयाची असतात. पत्र्याच्या पातळ चकत्या घालून, काढून, पुन्हा घालून ती जमवतात. मग दात्यांना रंग फासून जोडी हाताने फिरवतात आणि रंग दात्याच्या कोणत्या भागावरून पुसला गेला ते पाहतात. तो ठसा दात्याच्या मध्यावर आला म्हणजे काम जमले. टोकाकडे किंवा बुडाकडे सरकला तर पुन्हा सारे खोला. उस्तादांनी तीन वेळा खोलले. चौथ्या वेळी ठसा पाहून ते काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसला.

तेलाचीही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. टीडीच्या आसात पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या थोडे खाली बसते. त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही. या घसरणीचा प्रचंड दाब सोसेल असेच खास तेल तेथे चालते. साधे इंजिनाचे तेल घातल्यास नवी जोडी लवकरच निकामी व्हावयाची. आणि काम चुकलेले असले तर ते लपत नाही. विशिष्ट वेगाला आस रडू लागतो, एखाद्या दूरच्या भोंग्यासारखा, आणि त्या रडण्यावर उशी टाकून चालत नाही.

दोन धोके मात्र मुकाट असतात आणि म्हणूनच ते मी येथे मुद्दाम सांगतो. पहिला वेगदर्शक काट्याचा. टीडीत हा काटा गिअरपेटीवरून चालतो; चाकाला काय झाले हे त्याला ठाऊक नसते. दाते बदलले आणि काटा तसाच ठेवला तर तो ५० मैल दाखवील तेव्हा गाडी जवळजवळ ६० मैलांनी धावत असेल. किलोमीटरच्या भाषेत, चालकाला वाटते ऐंशी आणि असतात पंच्याण्णव. दुसरा धोका ब्रेकचा. धावत्या गाडीतील जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ऐंशीऐवजी पंच्याण्णवला ब्रेक लावला तर चाळीस टक्क्यांहून अधिक जोर त्या जुन्या ड्रम-ब्रेकांना शोषून घ्यावा लागतो. दाते नवे आले तरी ब्रेक १९५२ चेच राहतात. म्हणून काटा दुरुस्त करवून घेणे आणि ब्रेकचे अस्तर तपासणे ही या कामाची उपांगे नाहीत, ते या कामाचेच अंग आहे.

उरला प्रश्न मूळपणाचा, जो आजोबांच्या मनातला खरा प्रश्न होता. सरकारनेही आता या प्रश्नाला हात घातला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांप्रमाणे, पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून वेगळ्या क्रमांकमालिकेत नोंदता येते. मात्र तशी नोंदलेली गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. त्या यादीत मागच्या आसाच्या दात्यांचा उल्लेख नाही. या घराची गाडी साध्याच नोंदणीवर आहे, आणि तुळजापूरला जावयाचे तर ती तशीच असणे सोयीचे होते. कायद्याच्या दृष्टीने अडचण नव्हती. पण आजोबांचे मन म्हणजे कायद्याचे पुस्तक नव्हे. त्यांना वाटे, आज दाते, उद्या गिअरपेटी, परवा इंजिन. मग वडिलांचे उरले काय?

यावर तोडगा नातवाने काढला. जुनी जोडी, ते एक्केचाळीस आणि ते आठ, उस्तादांकडून मोजून परत आणली. स्वच्छ करून, तेलात बुडवलेल्या कापडात गुंडाळून, एका लाकडी पेटीत ठेवली. सोबत जुन्या चकत्या, कोणती कोठे होती याचा कागद आणि बदलाची तारीख. आवरणाला कोठेही कापले वा झाळले नाही. ज्या दिवशी कुणाला वाटेल त्या दिवशी गाडी पुन्हा १९५२ ची होऊ शकते. आजोबांनी पेटीवर स्वतःच्या हाताने वडिलांचे नाव लिहिले. माझ्या मते जुन्या वस्तूंत बदल करताना पाळावयाचा नियम हाच आहे: जे परत करता येईल तेच बदलावे, आणि जे काढले ते फेकू नये. अन्यथा तेलही जाते, तूपही जाते आणि हाती धुपाटणे येते.

मार्गशीर्षात ते दोघे तुळजापूरला जाऊन आले. परतल्यावर नातवाने सरासरी वेग, पेट्रोल, तापमान असे सारे आकडे मला दाखवले. आजोबांनी एकच गोष्ट सांगितली: सत्तरच्या वेगाला इंजिनाचा आवाज इतका खाली आला होता की उघड्या गाडीत वाटभर बोलता आले. उमरग्याच्या पुढे त्यांनी नातवाला त्याच्या पणजोबांच्या काही गोष्टी सांगितल्या, ज्या घरात आजवर कुणी कुणाला सांगितल्या नव्हत्या.

ज्यांच्या घरी अशी एखादी जुनी गाडी असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आधी महिनाभर वहीत लिहा की गाडी कोठे जाते, किती वेगाने, आणि कितीदा थांबते. रोजचा फेरा गल्लीतला आणि बाजारातला असेल तर कारखान्याने दिलेला आकडा सोडू नका. तो तुमच्या रस्त्यासाठीच निवडलेला आहे. लांबचे प्रवास असतील तर एक पायरी उतरा, दोन नको. पैसे मोजण्यापूर्वी ओढ किती टक्के जाणार ते कागदावर काढा. नवे गुणोत्तर भागिले जुने, एवढेच गणित आहे, आणि सातवीतल्या मुलालाही ते येते. काटा आणि ब्रेक यांचा खर्च आरंभीच धरून चाला. आणि पुढच्या वेळी घरातले मूल 'गुणोत्तर आणि प्रमाण' शिकत असेल, तर त्याला सायकलीजवळ नेऊन मागचे दाते मोजावयास सांगा, आणि मग तीच सायकल पुलाच्या चढावर न्यावयास सांगा. भागाकार त्याला वहीत जमेल. उत्तराचा अर्थ त्याला पोटऱ्यांत कळेल.